यांत्रिक हृदयझडप आणि वार्धक्य : दीर्घकालीन परिणामांचा विचार, गगनबावडा तालुक्याच्या संदर्भात

निकामी झालेली हृदयाची झडप काढून तिच्या जागी मानवनिर्मित झडप बसविणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९६० च्या मार्चमध्ये बोस्टन येथे ड्वाइट हार्कन यांनी महारोहिणीच्या मुखाशी, आणि त्याच वर्षी पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार यांनी डाव्या अलिंद-निलयांमधील द्विदल झडपेच्या जागी, पिंजऱ्यात खेळणारी गोळी असलेली कृत्रिम झडप बसविली. स्टार यांची झडप लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या साहाय्याने तयार झाली होती. त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे काही आठवड्यांत कळते. परंतु झडप बसविल्यावर दहा, पंधरा, वीस वर्षांनी रुग्णाचे काय होते, आणि तो रुग्ण वृद्ध असल्यास त्या उत्तरात काय फरक पडतो, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याचे उत्तर केवळ शस्त्रक्रियागृहात मिळत नाही. ते बव्हंशी रुग्णाच्या गावात, त्याच्या घरात आणि त्याच्या गावाहून तपासणीच्या जागी जाणाऱ्या रस्त्यावर मिळते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा तालुका डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कोल्हापूर शहरापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर हे ठिकाण वसले आहे. येथून करूळ व भुईबावडा या घाटांनी कोकणात उतरता येते. तालुका लहान, वस्ती विरळ, आणि पाऊस वर्षाकाठी सरासरीने पाच हजार मिलिमीटरांहून अधिक. या भौगोलिक वस्तुस्थितीचा हृदयाच्या झडपेशी संबंध काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. तो संबंध किती निकटचा आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

दोन जातींच्या झडपा

कृत्रिम झडपांचे मुख्य प्रकार दोन. धातू, कार्बन किंवा बहुवारिक द्रव्य यांपासून केलेली ती यांत्रिक झडप. आणि डुकराच्या झडपेपासून अथवा गाईगुरांच्या हृदयावरणाच्या पडद्यापासून प्रक्रिया करून तयार केलेली ती जैव झडप. यांत्रिक झडपेत गोळीची जागा पुढे कलत्या चकतीने घेतली. १९७७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्यांची झडप प्रथम वापरली गेली. पायरोलिटिक कार्बनाच्या पाकळ्या असलेली ही रचना आज सर्वांत प्रचलित आहे.

आपल्या देशात थिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कलत्या चकतीची झडप विकसित झाली. पहिल्या काही रचना अपयशी ठरल्यावर हाती आलेली ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णास बसविण्यात आली. तिचा सांगाडा कोबाल्टप्रधान मिश्रधातूचा, चकती अत्युच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची आणि शिवणकड पॉलिएस्टरची आहे. परदेशी झडपेच्या मानाने तिची किंमत पुष्कळच कमी असल्याने सामान्य परिस्थितीतील असंख्य भारतीय रुग्णांना तिचा लाभ झाला.

दोन्ही जातींचे गुणदोष एकमेकांच्या उलट आहेत. जैव झडप रक्ताला फारशी परकी वाटत नाही. परंतु तिच्यात कालांतराने चुन्याचे थर बसतात, पाकळ्या ताठ होतात वा फाटतात, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. यांत्रिक झडप झिजत नाही म्हटले तरी चालेल. परंतु तिच्या पृष्ठभागावर रक्त गोठण्याची प्रवृत्ती असते. म्हणून ती बसविलेल्या माणसास रक्त गोठण्यास विरोध करणारे औषध आमरण घ्यावे लागते. एका बाजूस झडपेची झीज आणि दुसऱ्या बाजूस औषधाचा जन्मभराचा बंध, असा हा सौदा आहे.

'वृद्ध रुग्ण' या संज्ञेचे दोन अर्थ

पाश्चात्त्य ग्रंथांत वृद्धाच्या झडपेविषयी जे लिहिले जाते, त्यातील रुग्ण बहुधा साठी-सत्तरीत प्रथमच शस्त्रक्रियेला सामोरा जाणारा असतो. त्याची महारोहिणी झडप वयोमानाने चुना साचून अरुंद झालेली असते. आपल्याकडे झडपेच्या विकाराचे एक मोठे कारण ऱ्हुमॅटिक ज्वर हे आहे. बालपणी विशिष्ट जंतूंमुळे घसा सुजतो, पुढे सांधे सुजतात, ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा हळूहळू जाड व अरुंद होत जातात. सर्वाधिक आघात द्विदल झडपेवर होतो. हा रुग्ण विशी-तिशीतच शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. १९८५ ते २००० या काळात ज्यांना ऐन तारुण्यात यांत्रिक झडप बसविली गेली, ते आता साठी-सत्तरीच्या उंबरठ्यावर आले आहेत किंवा तो ओलांडून गेले आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील 'यांत्रिक झडप असलेला वृद्ध' हा पुष्कळदा म्हातारपणी झडप बसविलेला नसून झडपेसह म्हातारा झालेला असतो. झडप निवडण्याचा प्रसंग त्याच्यापुरता केव्हाच होऊन गेला आहे. त्याच्या बाबतीत प्रश्न एवढाच उरतो, की उरलेले आयुष्य तो त्या झडपेसह सुरक्षितपणे कसे काढील. या दोन गटांचे परिणाम एकत्र मोजल्यास दोहोंविषयीही चुकीचे ज्ञान मिळते. यास्तव कोणताही अभ्यास आरंभिताना शस्त्रक्रियेच्या वेळचे वय आणि निरीक्षणाच्या वेळचे वय ही दोन्ही स्वतंत्रपणे नोंदविणे अगत्याचे आहे.

झडप टिकते, ही गोष्ट निर्विवाद

यांत्रिक झडपेचा टिकाऊपणा आता निःसंशय सिद्ध झाला आहे. स्टार-एडवर्ड्स झडप चाळीस वर्षांनंतरही कार्य करीत असल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. एक ठळक अपवाद मात्र नमूद केला पाहिजे. ब्यॉर्क-शायली झडपेच्या बहिर्गोल-अंतर्गोल चकतीच्या आवृत्तीत चकतीला आधार देणारी बारीक तार तुटण्याचे प्रकार घडले. सुमारे ८६,००० रुग्णांना ती बसविल्यानंतर १९८६ मध्ये तिची विक्री थांबली. हा दोष त्या एका आवृत्तीच्या घडणीचा होता. यांत्रिक झडपेच्या तत्त्वाचा नव्हे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना चिठ्ठ्या टाकून यांत्रिक अथवा जैव झडप देण्यात आली. त्यांचा पंधरा वर्षांचा वृत्तांत २००० मध्ये प्रसिद्ध झाला. महारोहिणी झडपेच्या पासष्ट वर्षांखालील रुग्णांत जैव झडप निकामी होण्याचे प्रमाण २६ टक्के, तर यांत्रिक झडपेचे शून्य होते. द्विदल झडपेच्या बाबतीत याच वयोगटात हे प्रमाण अनुक्रमे ४४ व ४ टक्के होते. परंतु पासष्ट व त्यापुढील वयात महारोहिणी झडप बसविलेल्यांत जैव झडपेचे अपयश ९ टक्क्यांवर आले, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण राहिला नाही.

याची कारणे दोन आहेत. वृद्धाच्या शरीरात चुना साचण्याची क्रिया तरुणाच्या मानाने मंद असते, हे पहिले. दुसरे कारण अधिक करुण पण तितकेच खरे आहे : झडप झिजण्यापूर्वीच अन्य कारणांनी आयुष्य संपते. ज्या टिकाऊपणासाठी यांत्रिक झडप निवडावयाची, त्याचा उपभोग घेण्याइतके आयुष्य वृद्धास लाभेलच असे नाही. औषधाचा बंध मात्र पहिल्या दिवसापासून लागू होतो.

रक्ताचा समतोल

वॉर्फरिन किंवा आपल्याकडे पुष्कळ वापरले जाणारे ॲसेनोक्युमॅरॉल ही औषधे यकृतात के जीवनसत्त्वाच्या पुनर्निर्मितीस अडथळा करतात. त्यामुळे रक्त गोठविणारे दुसरा, सातवा, नववा व दहावा हे घटक अपुरे तयार होतात. वॉर्फरिनचा इतिहास मनोरंजक आहे. कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरत असत. त्या गवताच्या अभ्यासातून कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत या वर्गाची द्रव्ये हाती आली. १९४८ मध्ये वॉर्फरिन उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांच्या उपचारात वापरले जाऊ लागले. जे द्रव्य एका मात्रेत विष ठरते तेच मोजून दिल्यास प्राण वाचविते. सारा प्रश्न मोजण्याचा आहे.

हे मोजमाप रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेवरून केले जाते. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील रसायने भिन्न असल्याने आकडे जुळत नसत. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर स्वीकारले. रुग्णांच्या वहीत ते 'आय. एन. आर.' या नावाने लिहिलेले असते. निरोगी माणसात हे गुणोत्तर एकच्या आसपास असते. महारोहिणीच्या जागी आधुनिक दोन पाकळ्यांची झडप असल्यास आणि अन्य धोका नसल्यास ते २·५ च्या जवळ, तर द्विदल झडपेच्या जागी असल्यास ३ च्या जवळ ठेवावयाचे असते. द्विदल झडपेपाशी रक्ताचा वेग मंद असल्याने गुठळीचा संभव अधिक, हे या फरकाचे कारण होय. गुणोत्तर खाली गेल्यास झडपेवर गुठळी होऊन झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते व पक्षाघात होतो. ते फार वर गेल्यास जठरांतून, मूत्रमार्गातून किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

या दोन संकटांची मोजदाद १९९४ मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे संकलन करून केली. औषधाविना शंभर रुग्णवर्षांमागे मोठ्या गुठळीचे सुमारे चार प्रसंग घडतात. औषध घेतल्यास सुमारे एक. उलट औषधामुळे मोठ्या रक्तस्रावाचे सुमारे १·४ प्रसंग घडतात. हे आकडे लहान वाटतात, पण ते दरवर्षीचे आहेत. दर स्थिर धरल्यास वीस वर्षांत मोठी गुठळी होण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, आणि मोठ्या रक्तस्रावाची सुमारे २५ टक्के होते. शिवाय वार्धक्यात रक्तस्रावाचा दर स्थिर राहत नाही, तो वाढतो. मेंदूतील रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, मूत्रपिंडांचे कार्य मंदावते, पडण्याचे प्रसंग वाढतात, आणि अन्य व्याधींसाठी दुसरी औषधे सुरू होतात. चाळिशीत जी मात्रा योग्य होती, ती सत्तरीत बहुधा अधिक ठरते.

मोठ्या अभ्यासांचा कौल

न्यूयॉर्क राज्यातील पन्नास ते एकोणसत्तर वर्षांच्या, महारोहिणी झडप बदललेल्या रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समान लक्षणांच्या १,००१ जोड्यांत पंधरा वर्षांनी जगण्याचे प्रमाण दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखेच आढळले : जैव झडपेत ६०·६ टक्के व यांत्रिक झडपेत ६२·१ टक्के. पक्षाघाताचे प्रमाणही सारखेच होते. फरक पडला तो दोन बाबतींत. जैव झडपेच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया १२·१ टक्क्यांना लागली, यांत्रिक गटात ६·९ टक्क्यांना. मोठा रक्तस्राव जैव गटात ६·६ टक्क्यांना झाला, यांत्रिक गटात १३ टक्क्यांना.

कॅलिफोर्निया राज्यातील, १९९६ ते २०१३ या काळातील रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, यांत्रिक झडपेचा जीवनमानावरील लाभ महारोहिणी झडपेत सुमारे पंचावन्न वर्षांपर्यंत आणि द्विदल झडपेत सुमारे सत्तर वर्षांपर्यंत टिकून असलेला दिसला. त्यानंतर तो दिसेनासा झाला. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महारोहिणी झडपेसाठी पन्नास वर्षांखाली यांत्रिक व पासष्टच्या पुढे जैव झडप, आणि द्विदल झडपेसाठी पासष्टच्या अलीकडे यांत्रिक व पलीकडे जैव झडप श्रेयस्कर मानली जाते. युरोपच्या २०२१ च्या सूचनांत वयाच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असल्या तरी विचाराची दिशा तीच आहे.

येथे अभ्यासकाने एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. झडपेचा टिकाऊपणा हा वस्तूचा गुण आहे; पोर्टलंडमध्ये न झिजणारी झडप गगनबावड्यातही झिजणार नाही. परंतु गुठळी व रक्तस्राव यांचे दर हे केवळ झडपेचे गुण नव्हेत. झडप, औषध, अन्न, तपासणी आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची सोय या सर्वांच्या संयोगाने ते ठरतात. म्हणून पहिल्या प्रकारचे आकडे एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतात. दुसऱ्या प्रकारचे नेता येत नाहीत. कॅलिफोर्नियातील सत्तर वर्षांची मर्यादा ही तेथील प्रयोगशाळांच्या सान्निध्यातील मर्यादा आहे.

गगनबावड्यातील वर्ष

आता हे औषध घेणारा वृद्ध रुग्ण गगनबावडा तालुक्यातील एखाद्या वाडीवर राहतो असे समजू. हिवाळा व उन्हाळा या आठ महिन्यांत त्याला तपासणीसाठी कोल्हापूरला जाऊन परत येणे कष्टाचे असले तरी शक्य असते. ज्येष्ठ संपता संपता चित्र पालटते. कुंभी व तिच्या लगतच्या ओढ्यानाल्यांना पूर येतो, आणि कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर मांडुकली, खोकुर्ले अशा ठिकाणी पाणी येऊन वाहतूक बंद पडते. २०१९ चा ऑगस्ट व २०२१ चा जुलै या महिन्यांतील महापूर सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु थोड्याफार दिवसांची कोंडी ही जवळजवळ दरवर्षीची बाब आहे. महिन्याची तपासणी चुकते, क्वचित औषधही संपते. औषधाच्या गुणधर्माचा येथे प्रत्यक्ष परिणाम होतो. वॉर्फरिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास दीड दिवसाहून अधिक काळ लागतो; ॲसेनोक्युमॅरॉलचे सुमारे आठ ते अकरा तासांत निम्मे होते. दुसऱ्या औषधाच्या एक-दोन मात्रा चुकल्या तरी संरक्षण लवकर ओसरते.

त्याच दिवसांत आहारही बदलतो. आषाढ-श्रावणात डोंगराळ भागातील घरांत टाकळा, कुर्डू, अळू, भारंगी, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्या ताटात येतात. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व विपुल असते आणि ते औषधाचा प्रभाव कमी करते. उन्हाळ्यातील आहारावर बसविलेली मात्रा पावसाळ्यात त्यामुळे अपुरी पडू शकते. येथे गैरसमज होऊ नये. पालेभाजी वर्ज्य करणे हा उपाय नव्हे. ती पौष्टिक आहे आणि गरिबाच्या ताटातील मोलाचा भाग आहे. खाण्यात नियमितता राखणे आणि बदलत्या आहाराबरोबर तपासणी करून मात्रा जुळविणे, हाच खरा उपाय होय. पण नेमकी तपासणीच त्या वेळी दुर्लभ असते.

उलट दिशेची संकटेही याच ऋतूतील आहेत. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून काम केलेल्या म्हाताऱ्याची पाठ व गुडघे दुखतात. तो दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे जठराच्या अस्तरास इजा करतात व रक्तातील बिंबाणूंचे कार्य मंद करतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधासह ती घेतल्यास जठरांतील रक्तस्रावाचा धोका कितीतरी वाढतो. जुलाब, ताप यांसाठी दिलेले मेट्रोनिडॅझोल वा कोट्रायमोक्साझोल औषधाचा प्रभाव वाढविते. क्षयावरील रिफाम्पिसिन तो घटविते. शेवाळलेल्या चिऱ्यावरून अथवा बांधावरून पाय घसरून डोक्याला मार लागणे ही तर वृद्धांच्या बाबतीत नित्याची गोष्ट. एरवी टेंगूळ येऊन भागले असते, तेथे या रुग्णाच्या मेंदूत रक्त साचू शकते, आणि लक्षणे काही तासांनी वा दिवसांनी प्रकट होतात.

अशा रीतीने एकाच ऋतूत गुणोत्तर खाली ओढणारी, वर ढकलणारी आणि तपासणी रोखणारी अशी तीन प्रकारची कारणे एकवटतात.

गणनेतून निसटणारे दिवस

औषधाचे नियंत्रण किती चांगले होते हे सांगण्यासाठी 'योग्य मर्यादेत गेलेला काळ' हे माप वापरतात. नेदरलंड्समधील रोझेंडाल यांनी १९९३ मध्ये सुचविलेली पद्धत बहुतेक ठिकाणी प्रचलित आहे. दोन तपासण्यांच्या दरम्यान गुणोत्तर सरळ रेषेत बदलले असे मानून प्रत्येक दिवसाचे मूल्य काढावयाचे, अशी ही रीत आहे. उदाहरणार्थ, मर्यादा २·५ ते ३·५ असून एका तपासणीत २·७ आणि अठ्ठावीस दिवसांनी ३·९ आले, तर बदल १·२ झाला. ३·५ पर्यंत पोहोचण्यास ०·८ इतकी वाढ पुरते. त्यास सुमारे एकोणीस दिवस लागतात. म्हणून एकोणीस दिवस मर्यादेत व नऊ दिवस मर्यादेबाहेर गेले असे धरतात.

परंतु दोन तपासण्यांतील अंतर छप्पन्न दिवसांहून अधिक असेल तर सरळ रेषेचे गृहीतक धरवत नाही, म्हणून तो काळ गणनेतून वगळण्याचा प्रघात आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे सावधपणाचे आहे. पण त्याचा परिणाम पाहा. आपल्या कल्पित रुग्णाची तपासणी ५ जूनला झाली आणि नंतरची २० ऑगस्टला. मधले शहात्तर दिवस गळाले. उरलेल्या २८९ दिवसांपैकी २०२ दिवस मर्यादेत असल्यास त्याचे नियंत्रण ७० टक्के, म्हणजे चांगले, ठरते. गळालेल्या शहात्तर दिवसांत प्रत्यक्षात केवळ वीस दिवस मर्यादेत गेले असतील, तर वर्षाचे खरे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जो काळ सर्वांत धोक्याचा, तोच मापातून निसटतो, आणि दुर्गम भागातील रुग्णाचे नियंत्रण कागदावर वास्तवापेक्षा चांगले दिसते.

असाच दोष जीवनकालाच्या गणनेतही शिरतो. संपर्क तुटलेला रुग्ण त्या दिवसापुरता जिवंत धरून गणनेतून बाहेर काढला जातो. संपर्क तुटण्याचा आणि मृत्यूचा परस्परांशी संबंध नाही, असे त्यामागील गृहीतक आहे. डोंगरातल्या वाडीवर हे गृहीतक टिकत नाही. रुग्ण दवाखान्यात न येण्याचे कारण पुष्कळदा तो अंथरुणाला खिळला आहे किंवा वारला आहे, हेच असते. तिसरी बाब जैव झडपेच्या अपयशाची. अन्य कारणाने मेलेल्यांस 'पुढे झडप निकामी होऊ शकली असती' असे समजून केलेली रूढ गणना वृद्धांमध्ये अपयशाचे प्रमाण फुगवून दाखविते. प्रत्यक्ष घडलेल्या अपयशांचे प्रमाण स्वतंत्रपणे काढल्यासच जैव झडपेस न्याय मिळतो. या तिन्ही दोषांचा झुकाव एकाच बाजूस आहे : ते यांत्रिक झडपेची बाजू आहे त्याहून उजळ करतात.

निवडीचा विचार

द्विदल झडपेच्या वृद्ध रुग्णाविषयी असा युक्तिवाद केला जातो, की त्याच्या अलिंदांचे स्पंदन बहुधा अनियमित झालेले असते, म्हणून जैव झडप बसविली तरी रक्त पातळ करणारे औषध सुटत नाही. मग टिकाऊ यांत्रिक झडपच का न बसवावी? या युक्तिवादात काही काळ तथ्य होते. तपासणीची गरज नसलेली नवी औषधे आल्यावर मात्र परिस्थिती बदलली. यांत्रिक झडपेसाठी ती निरुपयोगी ठरली. डाबिगाट्रानचा प्रयोग २०१२ मध्ये गुठळ्या व रक्तस्राव वाढल्यामुळे थांबवावा लागला, आणि एका विशिष्ट यांत्रिक झडपेत ॲपिक्साबानचा प्रयोगही २०२२ मध्ये गुठळ्यांमुळेच बंद झाला. उलट ब्राझीलमध्ये द्विदल जागी जैव झडप व अनियमित अलिंदस्पंदन असलेल्या १,००५ रुग्णांवरील २०२० च्या प्रयोगात रिव्हारोक्साबान हे वॉर्फरिनहून कमी प्रतीचे ठरले नाही. स्वतःचीच द्विदल झडप ऱ्हुमॅटिक विकाराने अरुंद झालेल्यांस मात्र जुनेच औषध हितकर असल्याचे २०२२ मध्ये दिसून आले, हेही विसरू नये. तात्पर्य, जैव झडपेच्या वृद्ध रुग्णास महिन्याच्या तपासणीतून सुटका मिळण्याची वाट आता खुली झाली आहे. यांत्रिक झडपेच्या रुग्णास ती बंद आहे.

यावरून असे म्हणावेसे वाटते, की पासष्ट वर्षे ही मर्यादा घड्याळाच्या काट्याप्रमाणे वापरू नये. साठीतील शहरवासी, प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारा, वही नीट ठेवणारा रुग्ण यांत्रिक झडपेसह उत्तम आयुष्य काढील. त्याच वयाच्या वाडीवरील रुग्णास, पुन्हा शस्त्रक्रियेचा संभव पत्करूनही, जैव झडप अधिक सुरक्षित ठरू शकते. राज्यातील जीवनदायी आरोग्य योजनेत, जिचे नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे, झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. शस्त्रक्रिया ही एकदाच होणारी घटना आहे, तिचा हिशेब करणे सोपे. तिच्यानंतर वीस वर्षे दरमहा करावयाच्या प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि चुकलेल्या तपासणीचा हिशेब कोणत्याही पत्रकात दिसत नाही. निवड करताना तो रुग्णासमोर आणि त्याच्या घरच्यांसमोर मांडला गेला पाहिजे.

आधीच झडप असलेल्यांसाठी

ज्यांच्या हृदयात यांत्रिक झडप गेली अनेक वर्षे वाजत आहे, त्यांना या निवडीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी तपासणीच गावाजवळ नेणे, हा उपाय आहे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबावरून गुणोत्तर सांगणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. स्वतः तपासणी करणाऱ्या रुग्णांविषयीच्या अकरा प्रयोगांचे, ६,४१७ व्यक्तींच्या माहितीवर आधारलेले संकलन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गुठळीचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले आणि मोठा रक्तस्राव वाढला नाही. प्रत्येक वृद्धास स्वतः यंत्र वापरता येणार नाही, हे उघड आहे. परंतु तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असे एक यंत्र, गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांपाशी अशा रुग्णांची यादी, आणि मात्रा ठरविण्यासाठी कोल्हापूरच्या वैद्यांशी दूरध्वनीवर विचारविनिमय, एवढी व्यवस्था अशक्य कोटीतील नाही. पावसाळा लागण्यापूर्वी एक तपासणी, घरात दोन महिन्यांचे औषध, आणि वेदनाशामक गोळी विचारल्यावाचून न घेण्याची ताकीद, या तीन गोष्टी तर यंत्रावाचूनही साधतात.

संशोधकाचे काम याहून वेगळे, पण तितकेच निकडीचे आहे. एका तालुक्यातील यांत्रिक झडपेच्या रुग्णांची संख्या फार मोठी असणार नाही. म्हणूनच त्यांची संपूर्ण नोंद शक्य आहे. शस्त्रक्रियेचे वर्ष, झडपेची जागा व जात, औषधाचे नाव, प्रत्येक तपासणीचा दिवस, रस्ता बंद असलेले दिवस, आणि दवाखान्यात न आलेल्या प्रत्येकाची घरी जाऊन केलेली चौकशी, एवढे पाच-सहा वर्षे टिपून ठेवल्यास वगळलेल्या दिवसांत काय घडते याचे उत्तर मिळेल. ते उत्तर न्यूयॉर्कमधून किंवा कॅलिफोर्नियातून येणार नाही. यांत्रिक झडप वृद्धाच्या हृदयात किती काळ टिकते हे जगाने आपल्याला सांगितले आहे. तो वृद्ध तिच्यासह किती काळ टिकतो, हे आपल्यालाच शोधावयाचे आहे.